शनवार तेल्यांचा विसावा आणि कामगारांचा कायदा

कुलाबा जिल्ह्यात आपल्या वाडवडिलांना 'शनवार तेली' म्हणत हे या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. नवगावचा किनारा, फुटलेले गलबत, वाचलेली सात जोडपी ही कथा आपणां सर्वांना पाठ आहे. पण त्या नावात एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. गावाने आपल्याला ओळखले ते आपल्या पोशाखावरून नव्हे, बोलीवरून नव्हे, आणि प्रार्थनेवरूनही नव्हे. गावाने ओळखले ते आपण कोणत्या दिवशी काम बंद ठेवतो यावरून. शेजारचे हिंदू तेली सोमवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ते सोमवार तेली. आपण शनिवारी ठेवीत असू, म्हणून शनवार तेली. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहे, पनवेल या बाजूला ही दोन नावे शेजारीशेजारी नांदली. एकाच धंद्यातल्या दोन जातींना लोकांनी त्यांच्या सुटीच्या वारावरून नावे द्यावीत, हे कामगारांच्या इतिहासात नोंदण्यासारखे आहे. मुंबईत कारखान्यांचा कायदा होण्याच्या कितीतरी आधी कोकणात आठवड्याचा विसावा रूढ होता, आणि तो गावाला मान्य होता.

शनिवारी घाणा बंद म्हणजे नुसता घरधनी घरी बसला असे नव्हे. घाण्याला बैल जुंपलेला असतो, डोळ्यांना झापड लावून तो दिवसभर एकाच वर्तुळात फिरतो. घाणा थांबला की तोही सुटतो. दहा आज्ञांतली शब्बाथची आज्ञा वाचा. तिच्यात तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी एवढ्यावर थांबलेले नाही. दास, दासी, गुरेढोरे आणि तुझ्या वेशीच्या आतला परका, या सर्वांना तिने विसाव्यात घेतले आहे. ही आज्ञा तोरात दोनदा येते. शेमोतमध्ये कारण दिले आहे ते सृष्टीच्या निर्मितीचे. देवारीममध्ये मात्र कारण वेगळे आहे. तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव, आणि तुझ्या दासालाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे, असा त्या वचनाचा आशय आहे. म्हणजे शब्बाथ ही जशी देवाची आठवण, तशीच ती गुलामगिरीचीही आठवण आहे. ज्याने सुटीवाचून दिवस काढले, त्याने दुसऱ्याची सुटी हिरावू नये.

दुसरी आज्ञा मजुरीची. वायिक्राच्या एकोणिसाव्या अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवून घ्यायला मनाई आहे. देवारीमच्या चोविसाव्या अध्यायात ती सूर्य मावळण्याआधी द्यावी असे सांगून कारणही दिले आहे : तो गरीब आहे आणि त्याचे सारे चित्त त्या मजुरीकडे लागलेले आहे. तो आपला भाऊबंद असो वा आपल्या देशात राहणारा परका असो, नियम एकच. मिश्नामध्ये, बावा मेत्सिया या भागात, आपल्या हाखामांनी याचा सविस्तर विचार केला. दिवसाच्या मजुराने मजुरी केव्हा घ्यावी, रात्रीच्या मजुराने केव्हा, आठवड्याच्या आणि महिन्याच्या करारावर असलेल्याने केव्हा, हे सर्व तेथे आहे. ज्या गावात पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवण्याची रीत नाही, तेथे मालकाला मजुरावर तशी सक्ती करता येत नाही. जेथे जेवण देण्याची रीत आहे, तेथे जेवण दिलेच पाहिजे. कामाच्या तासांचे आणि वेळेवर वेतनाचे हे नियम अठराशे वर्षांपूर्वी लिहून काढलेले आहेत.

आता मुंबईकडे वळू. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांत गिरणगाव उभे राहिले. घाटावरून आणि कोकणातून माणसे आली, त्यांत आपली माणसेही होती. शेताला पावसाळा-उन्हाळा असतो, घाण्याला शनिवार-सोमवार असतो. गिरणीला असले काही नव्हते. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत साचे चालत. भोंगा झाला की आत, दिवस बुडाला की बाहेर. सणावारी काही दिवस गिरणी बंद असे. रविवारी बंद ठेवली, तरी यंत्रे पुसून साफ करण्यासाठी माणसांना बोलावीत आणि अर्धा दिवस त्यातच जाई. महिन्याचा पगार पुढचा महिना बराच सरल्यावर हातात पडे. तोवर वाण्याचे उधार आणि सावकाराचे व्याज चालू राही.

१८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी ॲक्ट झाला. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, त्यांना महिन्यात चार सुट्या द्याव्यात, एवढेच त्यात होते. मोठ्या माणसांबद्दल, बायकांबद्दल एक अक्षर नव्हते. या कायद्यामागे विलायतेतल्या गिरणीमालकांचाही हात होता. मुंबईचा माल स्वस्त पडतो याची त्यांना चिंता होती. मुंबईचे मालक याच कारणाने कायद्याला विरोध करीत. दोन्हीकडच्या मालकांच्या भांडणात मजुराचा विचार थोडा आणि मालाच्या भावाचा विचार अधिक झाला.

मजुराच्या बाजूने बोलणारा माणूस निघाला तो आपला मराठी माणूस. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. ते मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, आणि १८८० पासून मुंबईत 'दीनबंधु' पत्र तेच चालवीत. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळच्या बाजूला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवला. मागण्या पाच होत्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. मागल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत वेतन आणि कायमचा जायबंदी झाला तर निर्वाहाची सोय.

वाचकहो, या पाच मागण्या वायिक्रा आणि देवारीमशेजारी ठेवून वाचा. लोखंड्यांच्या हाती तोरा नव्हती, पण विसाव्याचा दिवस आणि वेळेवर मजुरी या दोन गोष्टी त्यांनी मागितल्या. दाबलेला माणूस कोठेही असला, तरी पहिल्यांदा याच दोन गोष्टी मागतो.

मालकांनी सहा वर्षे दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळी हजारो पुरुषांपुढे गिरणीतल्या बाईने उभे राहून बोलणे ही साधी गोष्ट नव्हती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ च्या कायद्यात, ती कारखान्यांसाठी आली. स्त्रियांचे तास अकरावर आणले आणि कामावर घ्यायच्या मुलांचे वय नऊ वर्षे केले. १८९७ च्या प्लेगात लोखंडे गेले. २००५ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. ज्यांना रविवारची सुटी मिळते त्यांतल्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे, कोण जाणे.

येथे आपल्या समाजाची गोष्ट वेगळ्या वळणाला लागते. सुटी मिळाली, पण ती रविवारची. साहेबाचा तो देवळात जाण्याचा दिवस, आणि आपल्या हिंदू बांधवांना तो जेजुरीच्या खंडोबाचा वार म्हणून जवळचा. बेने इस्राएलाला मात्र गावी असताना जो शनिवार कोणाला विचारावा लागला नाही, तो शहरात आल्यावर नोकरीत गेला. गिरणीत, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत शनिवार हा कामाचा दिवस. आपल्या कितीतरी घरांत शुक्रवारी संध्याकाळी किद्दुश होई आणि शनिवारी सकाळी कर्ता पुरुष डबा घेऊन कामावर निघे. कोणी त्याला दोष देऊ नये. नोकरी सोडली तर चूल कशी पेटणार? स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्येही सुटी धरली ती आठवड्याच्या पहिल्या दिवसाची, म्हणजे रविवारचीच. कोणी मुद्दाम आपल्यावर अन्याय केला असे आम्ही म्हणत नाही. हिंदुस्थानात आपल्याला धर्मावरून कोणी छळले नाही, हे आपण जगाला अभिमानाने सांगत आलो आहोत. पण थोड्यांचा वार बहुतांच्या कॅलेंडरात मावत नाही, हे आपल्या लोकांनी अनुभवाने जाणले.

मग यहुदी मालकांच्या गिरण्यांचे काय, असे कोणी विचारील. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांच्या घराण्याने मुंबई-पुण्यात पुष्कळ उभारले : ससून हॉस्पिटल, काळा घोड्याजवळची लायब्ररी, ससून डॉक, सिनेगॉगे. त्यांच्या व्यापारात चीनला जाणारी अफूही होती, हेही इतिहासात आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. त्यांचे पुत्र एलियास यांनी १८६७ मध्ये ई. डी. ससून ही स्वतंत्र पेढी काढली आणि या पेढीने मुंबईत गिरण्यांचा मोठा समूह चालवला. पुढे त्या गिरण्यांना इंडिया युनायटेड मिल्स हे नाव मिळाले. आपल्या समाजातल्या अनेकांना ससूनच्या गिरण्यांत काम मिळाले. रामबामने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांतली सर्वांत वरची म्हणजे गरजूला काम देऊन आपल्या पायांवर उभे करणे. त्या दृष्टीने हे उपकार मोठे. पण काम दिले म्हणजे मालकाचे कर्तव्य संपत नाही, तेथून ते सुरू होते. इस्पितळाच्या दारावर कोरलेले नाव हे दान आहे. महिनाअखेरचा पगार हे देणे आहे. दानाची स्तुती करावी, देणे मात्र चुकते करावे लागते, आणि एकाच्या बदल्यात दुसरे चालत नाही.

१९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्य मावळला की काम थांबे, हा जो एक निसर्गाचा कायदा होता, तोही त्यामुळे मोडला. तास पंधरावर गेले तेव्हा ओरड झाली, चौकशी झाली, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषांच्या कामाला प्रथमच बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ती अकरा तासांवर आणि आठवड्याला साठ तासांवर आली, १९३४ मध्ये दहा आणि चोपन्नवर, १९४६ मध्ये नऊ आणि अठ्ठेचाळीसवर. १९२३ मध्ये अपघाताच्या भरपाईचा कायदा झाला. म्हणजे लोखंड्यांची पाचवी मागणी मान्य व्हायला एकोणचाळीस वर्षे लागली. वेतन वेळेवर देण्याचा कायदा १९३६ चा. हजारापेक्षा कमी माणसे असतील तर सात तारखेच्या आत आणि अधिक असतील तर दहा तारखेच्या आत पगार द्यावा, असे त्यात ठरले. ही मागणी मान्य व्हायला बावन्न वर्षे लागली.

त्याच १९३६ च्या कायद्याने पगारातून होणाऱ्या कापाकापीलाही आळा घातला. गिरण्यांत अशी रीत होती की, विणताना कापड बिघडले तर ते विणकराच्या गळ्यात मारायचे आणि त्याची किंमत पगारातून वळती करायची. महिनाभर साच्यावर उभे राहून मजुराने घरी न्यायचे ते डागी कापड.

ही रीत वाचताना तल्मूदमधली एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. रब्बा बार बार हानान या गृहस्थाकडे काही हमाल कामाला होते. द्राक्षारसाचे पिंप वाहून नेताना त्यांच्या हातून ते फुटले. मालकाने नुकसानीपोटी त्यांची वस्त्रे काढून घेतली. हमाल राव या न्यायाधीशाकडे गेले. राव म्हणाले, वस्त्रे परत दे. मालकाने विचारले, हा कायदा आहे काय? राव म्हणाले, होय, सज्जनांच्या वाटेने चाल असे शास्त्र सांगते. वस्त्रे मिळाल्यावर हमाल म्हणाले, आम्ही गरीब, दिवसभर राबलो, भुकेलो आहोत आणि हातात काही नाही. राव म्हणाले, यांची मजुरीही दे. मालकाने पुन्हा तेच विचारले, आणि रावांनी पुन्हा तसेच उत्तर दिले. मालकाचा प्रश्न चुकीचा नव्हता. अक्षराला धरून पाहिले तर त्याची बाजू होती. पण राव त्याला शिकवत होते की कायद्याची रेघ जेथे संपते तेथे मालकाची जबाबदारी संपत नाही.

इस्राएलात आपण आलो तेव्हा येथे पाया घातला जात होता. हिस्तद्रूत १९२० पासून होतीच. १९५१ मध्ये क्नेसेतने काम आणि विसाव्याच्या तासांचा कायदा केला. दिवसाला आठ तास, आणि आठवड्यातून सलग छत्तीस तास विसावा. यहुद्यासाठी त्या छत्तीस तासांत शब्बाथ असावाच लागतो. दोन हजार वर्षांनंतर शनिवार हा देशाचा सुटीचा वार झाला. आमच्या पिढीला याचे मोल निराळे सांगायला नको. परंतु त्याच कलमातले पुढचे वाक्य तितकेच मोलाचे आहे : जो यहुदी नाही त्याच्यासाठी त्याच्या रीतीप्रमाणे शनिवार, रविवार किंवा शुक्रवार. शिवाय, आपल्या धर्माच्या विसाव्याच्या दिवशी मी काम करणार नाही असे कोणी सांगितले, तर तेवढ्या कारणाने त्याला नोकरी नाकारता येत नाही. मुंबईत जे आपल्याला मिळाले नाही, ते येथे कायद्याने दुसऱ्याला दिले. मिसरची आठवण ठेवण्याचा अर्थ हाच आहे.

वेतनाचा कायदा १९५८ चा. महिन्याचा पगार महिना संपल्यावर द्यायचा, आणि नवव्या दिवसापर्यंत दिला नाही तर उशिराची भरपाई द्यावी लागते. या उशिराला कायद्यात 'हलानत साखार' म्हणतात. आम्ही मास्तर, म्हणून शब्दाकडे लक्ष जाते. हा शब्द रात्रीच्या मुक्कामाच्या धातूवरून आला आहे आणि वायिक्रातल्या त्या आज्ञेतही हाच धातू आहे. मजुराचे पैसे मालकाच्या घरी मुक्कामाला राहिले, असा त्याचा अर्थ. १९६३ मध्ये नोकरीवरून काढल्यास भरपाईचा, म्हणजे पित्सुईमचा कायदा झाला. १९६९ मध्ये कामगारांची वेगळी न्यायालये झाली. १९८७ मध्ये किमान वेतन आणि १९८८ मध्ये नोकरीत समान संधी, हे कायदे आले. बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद येथल्या कारखान्यांत आपल्या माणसांनी उमेदीची वर्षे घालवली. पेन्शन, रजा, पित्सुईम हे जे काही आज पदरात आहे ते या कायद्यांमुळे आहे.

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत जवळची गोष्ट. आजवर आपण घाण्याचे धनी होतो ते छोटे धनी, आणि पुढे पिढ्यान् पिढ्या नोकर. आता म्हातारपणी आपल्यापैकी अनेक जण पुन्हा मालक झाले आहेत, आपल्याच घरात. फिलिपीन्सहून, नेपाळहून, आणि आपल्या भारतातूनही, विशेषतः केरळातून, आलेल्या बायका आणि पुरुष आपल्याला उठवतात, औषध देतात, हात धरून सिनेगॉगला नेतात. आपण त्यांना मुलीसारखी, मुलासारखी मानतो आणि ते खरेही असेल. पण मुलीला पगार नसतो, सुटी नसते आणि पित्सुईम नसते. म्हणून 'ती आमच्या घरचीच आहे' हे वाक्य जरा जपून वापरावे.

इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, आणि फेरसुनावणीनंतर २०१३ मध्ये पुन्हा, असा निर्णय दिला की रुग्णाच्या घरी राहून सेवा करणाऱ्यांना कामाच्या तासांचा १९५१ चा कायदा लागू होत नाही. दुसऱ्या वेळी न्यायाधीशांचे एकमत नव्हते, पाच विरुद्ध चार असा तो निकाल लागला. म्हणजे रात्री तीनदा उठावे लागले तरी जादा तासांचा हिशेब नाही. येथे कायद्याची रेघ संपली. रब्बा बार बार हानानने विचारलेला प्रश्न आता आपण विचारू शकतो, आणि रावांचे उत्तरही आपल्याला माहीत आहे.

बाकीचे कायदे मात्र लागू आहेत आणि ते आपल्याला, तसेच आपल्या मुलाबाळांना, ठाऊक असावेत. किमान वेतन द्यावेच लागते. पगार वेळेवर द्यावाच लागतो. तिचा पासपोर्ट आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवणे हा गुन्हा आहे. एक वर्ष काम झाल्यावर तिला नोकरीवरून काढले तर पित्सुईम द्यावे लागते, आणि मालक वारला तरी तो हक्क बुडत नाही, ते देणे वारसांकडे येते. आपल्यामागे शिवा संपल्यावर मुलांनी त्या बाईला नुसता निरोप देऊ नये, तिचा हिशेब चुकता करावा. हे आजच मुलांच्या कानावर घालून ठेवलेले बरे.

आणि तिचा वार. ती ख्रिस्ती असेल तर रविवारी तिला देवळात जायचे असते. त्या दिवशी घरी दुसरे कोण येणार, ही अडचण खरी आहे, आणि शनिवारी मुले घरी असतात म्हणून तिने शनिवारीच जावे असे सोयीने वाटते. पण वार कोणता हे आपल्या सोयीवर ठरवण्याआधी तिला विचारावे. आपला वार सोडून दुसऱ्याच्या वारी सुटी घेण्यात काय जाते, हे बेने इस्राएलाइतके कोणाला माहीत असणार? कुलाब्यात आपण शनिवारी घाणा बंद ठेवला आणि शेजाऱ्याने सोमवारी, आणि गावाला दोन्ही दिवशी तेल मिळत राहिले.